आत्याबाईंनी वाचलेला सिनेमा

या हो, असे दाराशी का उभे? पुढे या, खुर्ची ओढून घ्या, हातातलं काम घटकाभर बाजूला ठेवा. एका सज्जन माणसाची भर सिनेमागृहात कशी दाणादाण उडाली ते सांगणार आहे. हसू आलं तर मोकळेपणी हसा. मध्येच रडू आलं तर तेही येऊ द्या. देवाला दोन्ही ऐकू जातं.

बाजाराच्या वळणावर एक चष्म्याचं दुकान होतं. दुकानाचे मालक म्हणजे आपले चष्मेवाले. देवभोळा माणूस. सकाळी कुलूप उघडायच्या आधी डोळे मिटून प्रार्थना, संध्याकाळी कुलूप लावलं की कुठे कुणी गाऊन प्रवचन सांगत असेल तिकडे धाव. टाळ्या वाजवून हात लाल होईपर्यंत ऐकायचे आणि घरी येऊन बायकोला पुन्हा गाऊन दाखवायचे. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा, पण भाव खरा!

या चष्मेवाल्यांची एकच बढाई होती. "आयुष्यात माझ्या तोंडून वाकडा शब्द म्हणून बाहेर पडलेला नाही!"

आणि ते अगदी खरं होतं. वाकडे शब्द ते बाहेर पडूच देत नसत, आत साठवून ठेवत! ज्या नाकावर कुठलीच फ्रेम टिकत नाही अशा नाकालाही म्हणत, "वा! काय शोभलंय!" गिऱ्हाईक अंगावर ओरडलं तरी "जशी आपली इच्छा." बायको म्हणायची, "अहो, इतकं गिळू नका, अजीर्ण होईल एक दिवस." पण बायकोचं ऐकलं असतं तर गोष्ट कुठली व्हायला?

त्यांना एकुलती एक लेक. नाव मोठं छान होतं, पण सगळे चिमी म्हणायचे. चिमीनं आपल्या मनानं एक मुलगा पसंत केला. मुलगा दातांचा डॉक्टर, हसरा, हात हलका. आईबाप लहानपणीच गेलेले, आत्यानं वाढवलेला. मुलानं चिमीला स्पष्टच सांगितलं, "मी तुझाच आहे. पण आत्या हो म्हणाली तरच लग्न. तिच्याशिवाय मला दुसरं कुणी नाही."

झालं! आत्याबाई घर बघायला येणार असं ठरलं. घर घासूनपुसून लखलखीत केलं. खिडकीला नवा जाड पडदा लागला. चष्मेवाल्यांनी आपल्या झुबकेदार मिशांना तेल लावलं. मिशा म्हणजे काय वर्णाव्या! वरचा ओठ तर दिसायचाच नाही, खालचाही अर्धा सावलीत. गरम काही प्यायचं तर आधी मिशा प्यायच्या, उरेल ते चष्मेवाले.

दातांच्या डॉक्टरला ऐन वेळी कुणाची तरी दाढ उपटायला जावं लागलं, म्हणून आत्याबाई एकट्याच आल्या. चिमीनं आधीच सांगून ठेवलं होतं, "त्यांना ऐकायला जरासं कमी येतं." आत्याबाई दारातून आत आल्या आणि भिंतीवरचं घड्याळ थरथरेल अशा आवाजात म्हणाल्या, "हा पडदा कुणी लावला? काढा तो!"

कुणी काढायच्या आत त्यांनी स्वतःच फर्रकन ओढला. मग खोलीभर नजर फिरवली, चष्मेवाल्यांची ठरलेली आरामखुर्ची दोन्ही हातांनी ढकलत खिडकीशी नेली आणि म्हणाल्या, "इथं बसा. तोंड माझ्याकडे. मान खाली घालू नका, चोरी केली आहे का?"

"जशी आपली इच्छा," चष्मेवाले म्हणाले.

"काय? काय पुटपुटता? नीट बोला!" आत्याबाई पुढे वाकल्या आणि त्यांच्या तोंडाकडे अशा बघायला लागल्या, जशी काही दाताच्या फटीत त्यांची बांगडी अडकली आहे. मग तिथंच निकाल दिला, "या मिशा कशाला एवढ्या? कापा!"

चिमीच्या आईच्या हातातली बशी तिरकी झाली. त्या मिशांना चष्मेवाल्यांच्या वडिलांचा आशीर्वाद होता हो! चष्मेवाल्यांचे कान लाल झाले, मान लाल झाली, पण तोंडातून बाहेर काय पडलं? "बघू या की. आपण म्हणाल तसं."

आत्याबाई जाताना म्हणाल्या, "अजून माझं काही ठरलं नाही. माणूस कळला नाही मला." आणि गेल्या.

दार लागल्यावर बायकोनं विचारलं, "अहो, रागावलात का?"

"मी? छे! थोर बाई आहेत!" असं म्हणून चष्मेवाले आत गेले आणि उशीला अशी काही बुक्की मारली की कापूस बाहेर आला.

आता बघा, देवाची योजना कशी असते. दुसऱ्याच दिवशी दुकानात एक दाढीवाला माणूस आला. सिनेमाचा दिग्दर्शक. त्याला जुन्या घडणीच्या गोल फ्रेमा हव्या होत्या. चष्मेवाले खणात वाकले, फ्रेम घेऊन वर आले, आणि दिग्दर्शक किंचाळला, "हलू नका!"

चष्मेवाल्यांना वाटलं अंगावर पाल पडली.

"हा चेहरा! अहो, हा चेहरा आजचा नाहीच! हा मूकपटांच्या काळातला चेहरा आहे! येता माझ्या सिनेमात?"

"सिनेमा कसला आहे पण?" चष्मेवाल्यांनी जपून विचारलं.

"बोलपट यायच्या आधीचा काळ. पडद्यावर साधुसंतांच्या भूमिका करणारा एक नट. लोक रस्त्यात त्याच्या पाया पडायचे..."

"येतो!" चष्मेवाले म्हणाले. संतांचं नाव निघाल्यावर पुढचं ऐकायचं कशाला? दिग्दर्शक पुढेही बरंच बोलत होता. तो साधू झालेला नट स्टुडिओच्या मालकाच्या बायकोबरोबर पळाला, ती त्याची नायिकाच होती, वर्तमानपत्रांनी धुमाकूळ घातला, काल पाया पडणाऱ्यांनी आज त्याच्या मोटारीवर चपला फेकल्या. पण चष्मेवाल्यांचे कान तोवर मिटले होते. त्यांच्या डोळ्यांपुढे त्यांना स्वतःभोवती प्रभावळ दिसत होती!

शूटिंगला गेले तेव्हा पहिला धक्का बसला तो खुर्चीतच. रंगभूषेवाल्यानं काही विचारायच्या आत वस्तरा फिरवला आणि फरशी पुसावी तसा वडिलांचा आशीर्वाद पुसून टाकला. उरली नुसती ओठांवर मुंग्यांची एक बारीक रांग.

"अरे, अरे! हे काय केलंस!"

"त्या काळी नायक अशाच ठेवायचे, साहेब. ओठ दिसायला हवेत."

नायक? चष्मेवाले थिजले. पुढे नेलं तर काय, एक खोटा सज्जा, खोटा चंद्र, केस उडवायला एक अवाढव्य पंखा, आणि चांदीच्या साडीत एक देखणी नटी.

"जवळ घ्या," दिग्दर्शक म्हणाला.

"काय घेऊ?"

"नायिकेला!"

"मी? का?"

मग दिग्दर्शकानं डोक्याला हात लावून समजावलं. भानगड उघडकीला आल्यावर स्टुडिओच्या मालकानं बायकोला परत आणली आणि तिच्यासमोर नवा नायक उभा केला. तो बदनाम झालेला नट चोरून सिनेमागृहात येतो आणि पडद्यावर हा नवा नायक आपल्या प्रियेला मिठीत घेताना बघतो. तो नवा नायक म्हणजे चष्मेवाले. "तुमचा चेहरा असा पेटला पाहिजे की ते बघून तो तिथं जळून मेला पाहिजे!"

"पण मी बोलू काय?"

"काहीही बोला हो! मूकपट आहे. आवाज घेतच नाही आपण. मध्ये मध्ये पाटी येईल, 'प्रिये' वगैरे. तुम्ही नुसते ओठ हलवा."

पंखा सुरू झाला, घोंघाट असा की स्वतःचे विचार ऐकू येईनात. चष्मेवाल्यांनी नटीला कागदी पिशवी धरावी तसं दोन बोटांनी धरलं आणि नेहमीचं बोलायला लागले, "नंबर थोडा वाढलाय, पण काळजीचं कारण नाही, पुढच्या वर्षी पुन्हा दाखवून जा."

"थांबवा!" दिग्दर्शक ओरडला. "अहो, तुम्ही काय विकताय? तुम्हाला आयुष्यात कुणी पेटवलंच नाही का? जिच्या नुसत्या आठवणीनं अंगाचा भडका उडतो, अशी एकही बाई नाही?"

चष्मेवाल्यांचे डोळे बारीक झाले. नाकपुड्या फुगल्या. "आहे," ते म्हणाले.

"मग ती समोर आहे असं समजा!"

आणि मंडळी, जन्मभर गिळलेलं सगळं त्या पंख्याच्या घोंघाटात बाहेर पडलं! छातीचा भाता झाला, डोळ्यांत निखारे, ओठ थरथरताहेत, हात नटीच्या दंडावर घट्ट. बोलता बोलता शेवटी तर त्यांचे डोळेच भरून आले. दिग्दर्शक खुर्चीवर उभा राहिला. "वा! काय प्रेम! काय तळमळ! असा प्रेमिक मी जन्मात पाहिला नाही!"

चष्मेवाले घरी आले ते पिसासारखे हलके होऊन. इतकी शांत झोप त्यांना कित्येक दिवसांत लागली नव्हती. पण बायकोनं मिशांकडे बघून जो आऽ वासला तो मिटेना, तेव्हा काहीतरी सांगणं भाग होतं.

"संतांची भूमिका करणाऱ्या नटाचा सिनेमा आहे," ते म्हणाले. इथवर खोटं नव्हतं. "चेहऱ्यावर तेज हवं होतं त्यांना." हेही खोटं नव्हतं. "म्हणून मी सबंध वेळ देवाचं नाव घेत होतो. पडद्यावर माझे ओठ हलतात ना, ते त्याचेच!"

हे मात्र... असो. बढाई मारायला लागलं की जीभ उतारावर येते.

बायकोनं शेजारणीला सांगितलं. चिमीनं दातांच्या डॉक्टरला सांगितलं. त्यानं आत्याला. आणि एका दुपारी खुद्द आत्याबाई दुकानात हजर! चष्मेवाल्यांच्या ओठांवरच्या मुंग्यांच्या रांगेकडे बघून त्यांचा चेहरा उजळला.

"कापल्या! मी म्हटलं आणि कापल्या! गुणी माणूस!"

"आपलीच कृपा," चष्मेवाले म्हणाले.

"आता कसं स्वच्छ दिसलं, 'आपलीच कृपा'! त्या दिवशी तुमचा एक शब्द कळला नाही मला." आत्याबाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. म्हणजे तो रस्त्यापलीकडे न जाता अलीकडेच थांबला. "एक सांगते, मनात ठेवा. मला ऐकायला कमी येत नाही. येतच नाही! तरुणपणी ताप आला, त्यात कान गेले. मी ओठ वाचते. भाच्यालाही सांगायची बंदी केली आहे मी. कळलं की लोक एकतर कानात ओरडतात, नाहीतर माझ्यासमोर गप्प बसतात. म्हणून तर तुमच्याकडे पडदा ओढला, तुम्हाला उजेडात बसवलं. आणि त्या मिशा! झुडपाआड बसून कुणी बोलावं तसं!"

चष्मेवाल्यांच्या हातातला काचांचा ट्रे जमिनीवर. खळ्ळ!

"फुटलं का काही?" आत्याबाईंनी विचारलं. "असू द्या. ऐका. कान होते तेव्हा मी प्रवचनांना पहिल्या रांगेत असायची. गाणारा आळवायला लागला की मला रडू यायचं. आता जाते, पण लोक देवाचं नाव घेताना डोळे मिटतात, मान खाली घालतात. ओठ दिसत नाहीत. किती वर्षं झाली, कुणी देवाला हाक मारलेली मी बघितली नाही. आणि तुमचे ओठ म्हणे एवढ्या मोठ्या पडद्यावर!" बोलता बोलता त्यांनी डोळे टिपले. "मी येणार. ते एकदा बघते, आणि तिथंच तुमच्या चिमीच्या लग्नाची तारीख सांगते. हा चष्मा जरा घट्ट करून ठेवा, नाकावरून घसरतो."

आत्याबाई गेल्या. चष्मेवाले काचांच्या तुकड्यांत उभे. त्यांना आधी शरमेनं घाम फुटला, मग भीतीनं. उजेडासाठी पडदा ओढणाऱ्या त्या बाईला आपण काय काय बोललो होतो, ते सगळं ओळीनं आठवायला लागलं. आणि ते आता घराएवढ्या पडद्यावर दिसणार होतं!

ते धावत दिग्दर्शकाकडे गेले. "माझा तुकडा कापून टाका हो! हात जोडतो!"

"वेडे की काय? तुमच्याशिवाय माझा नायक जळतच नाही!"

घरी येऊन म्हणाले, "तिकिटं संपलीत म्हणे." बायकोनं पदराच्या गाठीतून तिकिटं काढून दाखवली. "मी कधीच आणून ठेवलीत! तुमचं देवाचं नाव बघायला शेजारची मंडळीही येताहेत."

आता उरला फक्त चष्मा. आत्याबाईंचा, दुकानाच्या खणात ठेवलेला. चष्मेवाल्यांच्या मनात पाप आलं. का खोटं सांगू? त्यांनी फ्रेममध्ये भलत्याच नंबरच्या काचा बसवल्या, स्वतःच्या डोळ्यांवर चढवून बघितल्या. समोर भिंतीवर देवाची तसबीर होती. देवाला नाक नव्हतं, डोळे नव्हते, सगळं पाण्यात बुडाल्यासारखं. "देवा, मी तुलाच पुसून टाकलं की रे!" असं म्हणून त्यांनी चष्मा काढला, खऱ्या काचा परत बसवल्या, दांड्या घट्ट केल्या, आणि मऊ फडक्यानं इतका लख्ख पुसला की आत्याबाईंना मुंगीचे ओठसुद्धा वाचता यावेत. आपल्या फाशीच्या दोराला आपल्याच हातानं मेण लावलं त्यांनी!

सिनेमाचा दिवस उजाडला. सगळं घर नटूनथटून निघालं. सिनेमागृहाच्या दारात भलंमोठं चित्र लावलेलं, साधूच्या वेशातला नट आणि त्याच्या गळ्यात पडलेली नायिका. वर लाल अक्षरांत, 'पावित्र्याच्या बुरख्याआडची भानगड!'

"अहो!" बायको किंचाळली. "हा धार्मिक सिनेमा ना?"

"शेवटी होतो," चष्मेवाले घोगऱ्या आवाजात म्हणाले.

आत्याबाईंनी मात्र चित्र वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाल्या, "भानगडीच्या सिनेमातही यांनी देवाचं नाव सोडलं नाही! खरा भक्त!"

चष्मेवाले एका खुर्चीत घुसले आणि इतके खाली सरकले की मागच्याला ती खुर्ची रिकामी वाटली. एका बाजूला चष्मेवाले आणि बायको, दुसऱ्या बाजूला चिमी आणि तिचा दातांचा डॉक्टर, आणि बरोबर मधोमध आत्याबाई. लख्ख चष्मा लावून!

सिनेमा सुरू झाला. नटाची कीर्ती, नटीचे अश्रू, मालकाच्या बंगल्यातली चोरटी भेट. शेजारची मंडळी "शी!" म्हणायची आणि मान पुढे काढायची. भानगड उघडी पडली. चपला उडाल्या. आणि तो बदनाम नट तोंड झाकून सिनेमातल्या सिनेमागृहाच्या कोपऱ्यात येऊन बसला. समोरच्या पडद्यावर खोटा चंद्र उगवला.

आले! चष्मेवाले आले! भला थोरला चेहरा, पेटलेले डोळे, ओठांवर मुंग्यांची रांग.

"बाबा!" चिमी ओरडली. "तुम्ही कुणाला धरलंय!"

बायकोनं नवऱ्याच्या मांडीला चिमटा काढला. पण आत्याबाईंनी हात जोडले आणि डोळे ताणून पुढे वाकल्या. पडद्यावर ओठ हलायला लागले, आणि आत्याबाई, आपला आवाज किती मोठा आहे याची कल्पनाच नसलेल्या आत्याबाई, वाचायला लागल्या.

"'माझ्या... घरात... येऊन... माझाच... पडदा... ओढतेस!' अं? देवाला असं का म्हणताहेत?"

पडद्यावर पाटी आली, 'प्रिये, तुझ्यावाचून ही रात्र सरत नाही!'

"रात्रीबद्दल काही बोललाच नाही हा!" आत्याबाई म्हणाल्या. "पडद्याबद्दल बोलला!"

"शू!" मागून कुणी तरी म्हणालं. पण दुसरा म्हणाला, "अहो, थांबा! बाई खरंच ओठ वाचताहेत! पुढे काय म्हणतोय, मावशी?"

सबंध सिनेमागृह कान टवकारून बसलं. दातांचा डॉक्टर आत्याची बाही ओढत होता, पण पडद्यावरून नजर हटेल तर ना!

"'तुझा आवाज... म्हणजे... पत्र्यावर सांडलेले... खिळे!'" आत्याबाईंना हसू फुटलं. "अगंबाई! कोण ही भवानी?"

लोक हसायला लागले. बदनाम नट पडद्यावर ढसाढसा रडत होता आणि प्रेक्षक पोट धरून! पुढची पाटी आली, 'तुझे नयन म्हणजे चांदण्यांचं तळं!'

"चांदणं नाही हो, चिमटा म्हणतोय!" आत्याबाई हसून हसून डोळे पुसत ओरडल्या. "'भाचा... दाढा... उपटतो... चिमट्यानं... आणि आत्या... उपटते... नजरेनं! मिशा काप... म्हणणारी... तू...'"

आणि आत्याबाई थांबल्या.

असा सन्नाटा त्या सिनेमागृहात कधी पडला नसेल. खुद्द मूकपटांच्या काळातसुद्धा नाही! पडद्यावर चष्मेवाल्यांचे डोळे भरून आले होते, ओठ काहीतरी बोलायला उघडले, तेवढ्यात पाटी आली, 'ये, माझ्या हृदयाची राणी हो!' ती बराच वेळ राहिली. ती गेली तेव्हा चंद्रही गेला होता. मध्यंतराचे दिवे लागले.

आत्याबाई उठल्या आणि कुणाकडे न बघता बाहेर चालू लागल्या.

"बाबा," चिमीनं त्यांची बाही ओढली, "तुम्ही देवाचं नाव घेत होतात ना?"

"घेतलं गं!" चष्मेवाले रडकुंडीला आले. "देवाशपथ घेतलं! पण पाटीमागे!"

"पाटीमागे?" बायकोनं कपाळावर हात मारला. "अहो, आता तरी गप्प बसा!"

पण पहिल्यांदाच चष्मेवाले गप्प बसले नाहीत. खुर्च्यांना अडखळत, लोकांच्या पायांवर पाय देत ते बाहेर धावले. आत्याबाई दाराशी पोचल्या होत्या. मागून हाका मारून काय उपयोग? म्हणून ते वळसा घालून त्यांच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. मागोमाग चिमी, डॉक्टर, बायको, शेजारची मंडळी, आणि पुढचं ऐकायला मिळेल म्हणून अनोळखी प्रेक्षकही.

"बाजूला व्हा," आत्याबाई म्हणाल्या. डोळे लाल होते. "देवाचं नाव बघायला आले होते मी. चांगलं बघितलं!"

"आत्याबाई, ती शेवटची पाटी आली ना, तिच्यामागे..."

"तिच्यामागे काय? ते तेवढंच राहिलं वाचायचं. अजून काही उरलं होतं का? पत्रा झाला, चिमटा झाला!"

"सांगतो."

"उजेडात या," आत्याबाई म्हणाल्या.

चष्मेवाले दिव्याखाली सरकले. मान वर केली. आणि बोलायला गेले तर काय, घशातून आवाजच निघेना! ओठ हलत होते, पण एक अक्षर ऐकू येत नव्हतं. भोवतालची माणसं खुळ्यासारखी बघत राहिली. खरा मूकपट तिथं चालला होता, आणि तो वाचता येत होता एकाच बाईला.

ते काय म्हणाले, ते मी तुम्हाला सांगतो. ते म्हणाले, "देवा, माझी पोर या बाईंच्या घरात जाईल. तिला कुणी टाकून बोललं, तर मला तोंड उघडता यायचं नाही. मी जन्मभर नुसता 'हो' म्हणत आलो. माझ्या चिमीसाठी तरी मला एकदा तोंडावर बोलायचं बळ दे."

आत्याबाई शेवटच्या शब्दापर्यंत बघत राहिल्या. मग चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला.

"दिलं की देवानं," त्या म्हणाल्या. "जरा उशिरा पोचलं, इतकंच."

"काय म्हणाले हे? काय म्हणाले?" बायकोनं विचारलं.

"ते आमचं आमच्यात आहे," आत्याबाई म्हणाल्या. मग चष्मेवाल्यांकडे वळून, जरा घुटमळत विचारलं, "ते पत्र्यावरच्या खिळ्यांचं... खरंच का हो? मला माझा आवाज ऐकू येत नाही. इतक्या वर्षांत कुणी बोललंच नाही मला. ज्याला विचारावं तो 'हो आत्या, छान आत्या.'"

दातांच्या डॉक्टरनं खाली बघितलं. "वा, काय गोड आवाज!" हे शब्द सवयीनं चष्मेवाल्यांच्या अगदी जिभेच्या टोकाशी आले होते हो! त्यांनी ते मागे ढकलले.

"खरं आहे," ते म्हणाले. "जरा हळू बोललात तर बरं."

"असं?" आत्याबाई म्हणाल्या. "असं चालेल?" तिकिटाच्या खिडकीतला माणूस दचकला.

"अजून हळू."

"असं?"

"आता छान!" चष्मेवाले म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं "छान" खरंखुरं होतं.

लग्नाची तारीख तिथंच ठरली, दिव्याखाली, सगळ्या प्रेक्षकांच्या साक्षीनं. चिमी हसत होती की रडत होती ते तिचं तिलाच कळत नव्हतं. आज ती त्या घरात सुखात आहे. आत्याबाईंचा आवाज चढलाच, तर चिमी नुसती बोटं खाली दाबते आणि तो उतरतो. चष्मेवाल्यांच्या धंद्याची मात्र थोडी पंचाईत झाली. ते कुणाला "वा, शोभलंय!" म्हणाले की गिऱ्हाईक त्यांचे ओठ निरखत विचारतं, "तोंडानं झालं, आता मनातलं सांगा!"

आणि आत्याबाई? त्या तो सिनेमा उतरेपर्यंत पुन्हा पुन्हा बघायला गेल्या. सिनेमागृहाच्या व्यवस्थापकालाही भेटून आल्या. "ती तिसरी पाटी जरा बाजूला सरकवाल का?" त्यांनी त्याला विचारलं. "तिच्यामागे आमचे व्याही देवाला हाक मारताहेत हो, आणि तुम्ही मध्ये राणी आणून ठेवलीत!" व्यवस्थापकानं परोपरीनं सांगितलं, बाई, पाटीमागे काही नसतं. त्यांना काही ते पटलं नाही. मला तरी कुठे पटतं?

तर तुम्ही आता उठाल, घरी जाल. एवढं एक मागणं आहे. देवापुढे बसाल तेव्हा डोळे खुशाल मिटा, पण मान जरा वर ठेवा आणि ओठ जरा उघडे हलवा. समोर कुणी कान गेलेलं माणूस बसलेलं असेल. त्या वेळी आमच्या आत्याबाईंची आठवण ठेवा.